आढाव्याला यायला कोणी तयार नव्हतं: एका मायग्रेशन प्रकल्पाचं प्रकरण

हे एका सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या समाप्ती आढाव्याचं, म्हणजे प्रकल्प संपल्यावर काय जमलं आणि काय चुकलं ते मागे वळून पाहण्याचं, प्रकरण आहे. कंपनी, क्लायंट आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून सगळी नावं काढली आहेत आणि माणसांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे. आढावा चालवण्याची जबाबदारी माझी होती, त्यामुळे इथे नोंदवलेल्या चुकांपैकी बऱ्याच माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

विमा दाव्यांची रक्कम चुकती करणारी एक जुनी प्रणाली बंद करायची, तिचं काम नव्या प्रणालीवर न्यायचं आणि जुना सगळा डेटाही सोबत हलवायचा, असा प्रकल्प होता. टीम 14 जणांची. 7 डेव्हलपर, 3 टेस्टर (त्यातल्या 2 कंत्राटी), डेटाबेस सांभाळणारा 1, बिझनेस अ‍ॅनालिस्ट 1, ऑपरेशन्सचा 1 आणि प्रकल्प व्यवस्थापक 1. ठरलेलं काम 9 महिन्यांचं, लागले 13.

गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू करण्याच्या, रात्री मायग्रेशनसाठी (डेटा हलवण्यासाठी) 6 तास मिळाले होते. 5 तास उलटले तेव्हा निम्म्याच नोंदी नव्या डेटाबेसमध्ये पोचल्या होत्या. रोलबॅक करावा लागला, म्हणजे जुन्या प्रणालीवर परतावं लागलं. 3 आठवड्यांनी दुसरा प्रयत्न झाला. तो पार पडला, पण पुढचे 2 दिवस आकडे जुळवण्यात गेले.

तांत्रिक कारण दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं. मायग्रेशनची रंगीत तालीम स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रणालीवर, झाली होती आणि स्टेजिंगवर एकाच वर्षाचा डेटा होता. प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीवर, अनेक वर्षांचा. त्यातल्या जुन्या नोंदींत तारखेच्या रकान्यात वाट्टेल ते भरलेलं होतं: कुठे रिकामी जागा, कुठे नुसती शून्यं, कुठे 99/99/9999. अशी प्रत्येक नोंद नवी प्रणाली नाकारायची, नाकारल्याचं लॉगमध्ये (प्रणालीच्या नोंदवहीत) लिहायची आणि मग पुढची नोंद उचलायची. लाखो वेळा.

प्रकल्प बंद करताना समाप्ती आढावा घ्यायचाच, असा कंपनीचा नियम आहे. मी त्या टीममधली नव्हे, प्रक्रिया-गुणवत्ता विभागातली. गो-लाइव्हनंतर 3 आठवड्यांनी मी 12 जणांना निमंत्रण पाठवलं. कंत्राटी टेस्टरांचं कंत्राट संपलं होतं, त्यांची नावं माझ्यासमोरच्या यादीत नव्हती, आणि नाहीत हे मला जाणवलंही नाही. 12 पैकी 4 जणांचा होकार आला. त्यातला एक प्रकल्प व्यवस्थापक, म्हणजे ज्याला यावंच लागणार होतं तो.

अडचण

माझा पहिला विचार असा होता की लोक थकले आहेत, पुढच्या कामाला लागले आहेत, पुन्हा एकदा आठवण करून देऊ. तसा मेल लिहूनही ठेवला होता. तो न पाठवता मी एकेकाशी वीस-वीस मिनिटं बोलले. या प्रकरणातली ही पहिली निर्णयाची जागा, आणि इथे माझं बरोबर पडलं.

ज्येष्ठ डेव्हलपर म्हणाला, "अशा खूप मीटिंगांना बसलोय मी. बोर्डावर चिठ्ठ्या चिकटवायच्या, शेवटी त्यांचा फोटो काढायचा. तो फोटो नंतर कोणी उघडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही."

डेटाबेस सांभाळणारा म्हणाला, "मला बोलायचंय. पण मी बोललो की ती तक्रार होते, दुसरा कोणी बोलला की सूचना."

सर्वात नवा डेव्हलपर आठव्या महिन्यात टीममध्ये आला होता. आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. बोलता बोलता सहज म्हणाला, की तालमीच्या वेळी लॉगची फाइल अपेक्षेपेक्षा बरीच मोठी झाली होती, पण ते नेहमीचंच असेल असं त्याला वाटलं. नवा होता, त्यामुळे नेहमीचं काय ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कोणाला तेही नाही.

कायम नोकरीवरची टेस्टर सुरुवातीला काहीच बोलेना. मग तिने दार लोटून घेतलं. आधीच्या एका प्रकल्पाच्या आढाव्यात तिने सर्वांसमोर सांगितलं होतं की एक टेस्ट केस तिच्याकडून सुटली. काही महिन्यांनी अप्रेझलच्या (कामाच्या मूल्यमापनाच्या) वेळी तेच वाक्य तिला वाचून दाखवलं गेलं. "तेव्हापासून मी प्रत्येक आढाव्यात एकच सांगते, संवाद वाढायला हवा. ते कोणालाच लागत नाही."

प्रकल्प व्यवस्थापकाची भीती वेगळी होती. आढाव्याचा कागद उद्या क्लायंटच्या हातात गेला तर उशिराची कबुली आपणच लेखी दिली असं होईल. शिवाय पुढच्या प्रकल्पाचं किक-ऑफ चार दिवसांवर होतं.

या सगळ्या संभाषणांनंतर मी शेअर्ड फोल्डरमधून याच टीमचे आधीचे 3 समाप्ती आढावे काढले आणि एका बसणीत वाचले. तिन्हींत मिळून 38 अ‍ॅक्शन आयटम (करायची ठरलेली कामं) होते. ज्याच्यापुढे माणसाचं नाव आहे असे 5. पूर्ण झाल्याची नोंद असलेले 2. "स्टेजिंगवर प्रॉडक्शनएवढा डेटा मिळवणे" हा मुद्दा तिन्ही आढाव्यांत होता, जवळजवळ त्याच शब्दांत.

मला जास्त खटकली ती त्यांची भाषा. सुधारणे, वाढवणे, लवकर सुरू करणे, काळजी घेणे. सगळी वाक्यं 'णे'वर संपणारी. क्रियापद आहे, कर्ता नाही. मराठीत असं वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण वाटतं, म्हणूनच ते लिहिताना कोणाला काही उणं भासत नाही. 38 कामं लिहिली गेली आणि त्यातली 33 कोणी करायची हे लिहायचं कोणालाही सुचलं नाही.

तेव्हा माझं मत बदललं. आढाव्याबद्दलची टीमची अनास्था मी वृत्तीचा प्रश्न समजत होते. तो अनुभवावरून काढलेला निष्कर्ष होता आणि हातात असलेल्या पुराव्यावरून तो बरोबर होता. बोललेलं वाया जातं किंवा बोलणाऱ्यावर उलटतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. आढाव्याचं पहिलं निरीक्षण आढावा सुरू होण्याआधीच मिळालं होतं, आणि ते आमच्या विभागाबद्दल होतं.

समोरचे पर्याय

सर्वात सोपा पर्याय म्हणजे प्रकल्प व्यवस्थापकाने एकट्याने फॉर्म भरायचा आणि मी सही करायची. नियम पाळला जातो, कोणी दुखावत नाही. फोल्डरमधले निदान दोन आढावे असेच झाले असावेत असा माझा अंदाज आहे. हा पर्याय मी लगेच बाजूला ठेवला.

नाव न देता भरायची प्रश्नावली हा दुसरा. टेस्टरला तो आवडला असता. पण इतक्या लहान टीममध्ये दोन ओळी वाचल्या की लिहिणारा कोण ते कळतं. शिवाय प्रश्नावलीत प्रत्येकजण आपला तुकडा देतो. एकाच्या तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या तुकड्याला कुठे जुळतं हे शोधायला माणसं समोरासमोर लागतात.

ज्येष्ठ डेव्हलपरचा पर्याय मी सर्वात गांभीर्याने घेतला. त्याचं म्हणणं, शेवटचा आढावाच नको, प्रत्येक स्प्रिंटनंतरचा (कामाच्या छोट्या टप्प्यानंतरचा) रिट्रो, म्हणजे मागे वळून पाहण्याची बैठक, नीट करा. 2001 च्या अ‍ॅजाइल (छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीच्या) जाहीरनाम्यासोबतच्या 12 तत्त्वांतलं शेवटचं तत्त्व हेच सांगतं, की टीमने ठरावीक अंतराने थांबून आपलं काम तपासावं आणि त्यानुसार वागणं बदलावं. तेरा महिन्यांनी मागे वळून पाहताना निम्मं विसरलेलं असतं, हे त्याचं म्हणणं मला पटलं. मग मी स्प्रिंट रिट्रोच्या नोंदी चाळल्या. स्टेजिंगच्या डेटाचा मुद्दा तिथे चार वेळा आला होता, आणि चारही वेळा त्यापुढे "टीमच्या हाताबाहेर" असं लिहून तो सोडून दिला होता. स्प्रिंटचा रिट्रो टीमच्या कुंपणाच्या आत पाहतो. ही अडचण तीन विभागांत पसरलेली आणि कित्येक महिने रेंगाळलेली होती. ती दिसायला पूर्ण प्रकल्पाचीच लांबी लागत होती.

उरला तो पर्याय असा: आधी विश्वासाची किमान जागा तयार करायची, मग घटनाक्रम लेखी जमवायचा, मग एकच छोटी बैठक. यात वेळ जाणार होता. तो विभागप्रमुखांकडून मागून घेतला.

काय केलं

सुरुवात जुन्या यादीपासून केली. 38 मुद्द्यांतून दोन आठवड्यांत, वेगळा खर्च न मागता पुरा होईल असा एक निवडला. रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबचे अलर्ट (इशारे) अशा मेलिंग लिस्टवर जात होते जिच्यावरची बहुतेक माणसं कंपनी सोडून गेली होती. ऑपरेशन्सच्या सहकाऱ्याने ते दोन दिवसांत दुरुस्त केलं. मी टीमला एक ओळीचा मेल पाठवला: मागच्या आढाव्यातला मुद्दा क्रमांक 11 पूर्ण झाला, कोणी केला, काय बदललं. ज्येष्ठ डेव्हलपरचं उत्तर आलं, "हा मुद्दा मी लिहिला होता." पुढे काही नाही. पण बैठकीला येतो असं त्याने दुसऱ्या दिवशी कळवलं.

नंतर अप्रेझलचा विषय. आढाव्यात बोललेलं कोणाच्याही मूल्यमापनात वापरलं जाणार नाही, असं मला विभागप्रमुखांकडून लेखी हवं होतं. मनुष्यबळ विभागाने सरसकट हमी द्यायला नकार दिला, आणि त्यांच्या जागी त्यांचंही बरोबर होतं. मुद्दाम केलेली डेटाची फेरफार आढाव्यात उघड झाली तर ती झाकता येणार नाही. अखेर तो एक अपवाद लिहून बाकी सर्व संरक्षण मिळालं. कच्च्या नोंदी माझ्याकडेच राहतील, टीमच्या वरिष्ठांकडे जाणार नाहीत, हेही ठरलं. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत 1976 पासून विमान वाहतुकीतल्या चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात वैमानिक स्वतःहून कळवू शकतील अशी व्यवस्था आहे. ती नियामक संस्थेने स्वतःकडे न ठेवता नासाकडे दिली, कारण दंड करण्याचा अधिकार असलेल्या संस्थेजवळ वैमानिक मन मोकळं करणार नाहीत हे उघड होतं. ऐकणारा आणि शिक्षा देणारा वेगळा असावा लागतो.

तिसरं काम घटनाक्रमाचं. एक सामायिक शीट केली. प्रत्येकाने आपल्या बाजूच्या घटना तारखेसह लिहायच्या आणि प्रत्येक घटनेपुढे दोन गोष्टी सांगायच्या: तेव्हा आपल्याला काय माहीत होतं, आणि आपली अपेक्षा काय होती. शक्य तिथे त्या वेळचं टिकेट (काम किंवा बग नोंदवलेली नोंद), मेल किंवा कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) जोडायचं. हा शेवटचा आग्रह मी सोडला नाही, कारण संभाषणांत बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य होतं: "मला तर तेव्हाच माहीत होतं." 1975 मध्ये बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना इतिहासातल्या अपरिचित घटना वाचायला दिल्या, त्यात 1814 चं ब्रिटिश-गुरखा युद्धही होतं. ज्यांना शेवट सांगितला त्यांना तोच शेवट जास्त संभवनीय वाटला, आणि शेवट माहीत नाही असं समजून उत्तर द्या म्हटल्यावरही त्यांना ते जमलं नाही. आमच्या टीमने रोलबॅकची रात्र जागून काढलेली होती. ती विसरून मागे पाहणं कोणालाच शक्य नव्हतं. जुन्या मेलला मात्र पुढे काय झालं ते माहीत नसतं.

शीटसाठी मी एक नियम केला होता: नावं लिहायची नाहीत. दोषारोप टाळायचा म्हणून. याचा परिणाम तिसऱ्या दिवशी दिसला. "विनंती करण्यात आली." "टिकेट बंद झालं." "ते राहून गेलं." राहून गेलं हा आपल्या भाषेतला फार सोयीचा शब्दप्रयोग आहे, गोष्ट जणू आपणहून मागे राहिली. 38 मुद्द्यांत जो रोग मी पाहिला होता तोच माझ्या नियमाने पुन्हा आणला होता. मी नियम बदलला. कोणी केलं ते लिहायचं, आणि त्याला तेव्हा तसं करणं योग्य का वाटलं तेही त्यानेच लिहायचं. दोष नको म्हणजे कर्ताच नको, असा अर्थ मी लावला होता, आणि त्यात तीन दिवस वाया गेले.

शीट भरत असताना एक मोकळी जागा डोळ्यांत भरली. पाचव्या ते सातव्या महिन्यात टेस्टिंगच्या रकान्यात जवळपास काहीच नव्हतं. त्या काळात काम कंत्राटी टेस्टर करत होत्या. तेव्हा कुठे मला निमंत्रणाची यादी आठवली. त्यांच्या पुरवठादार कंपनीची परवानगी काढून एकीशी फोनवर बोलले, चाळीसेक मिनिटं. तिने पाचव्या महिन्यातच विचित्र तारखांचा बग नोंदवला होता. तो "टेस्ट डेटाची चूक" असा शेरा मारून बंद झाला. तिने टिकेट पुन्हा उघडलं, पुन्हा बंद झालं. "तिसऱ्यांदा उघडायला मला संकोच वाटला. आम्ही बाहेरच्या ना."

संपूर्ण आढाव्यातली सर्वात मोलाची माहिती, आणि ती मिळाली ज्यांना बोलावलंच नव्हतं त्यांच्याकडून. कंत्राटी टेस्टरांचा शेवटचा दिवस गो-लाइव्हच्याच आठवड्यात होता. त्या दिवशी कोणी त्यांच्यासोबत अर्धा तास बसलं असतं तर हे तेव्हाच हाती आलं असतं.

बैठकीचा दिवस

बैठक 2 तासांची ठेवली. पहिला तास प्रकल्प व्यवस्थापकाशिवाय. हे त्याला मी आदल्या संध्याकाळी सांगितलं. त्याला ते लागलं. तो म्हणाला, "म्हणजे मी आरोपी." नाही म्हटलं, कारणं सांगितली, त्याने मान्य केलं, पण मनातून ते गेलं नाही.

9 जण आले. अमेरिकी लष्करात सराव संपल्यावर जागेवरच जो आढावा घेतात त्याचे चार साधे प्रश्न मी बोर्डावर लिहिले: काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढे काय टिकवायचं आणि काय बदलायचं. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर शीटमध्ये आधीच होतं, त्यामुळे बराचसा तास तिसऱ्याला मिळाला.

साखळी अशी निघाली. डेटाबेसच्या सहकाऱ्याने प्रॉडक्शनएवढी कॉपी मागितली. खऱ्या ग्राहकांचा डेटा, म्हणून नावं आणि खाते क्रमांक झाकून द्यायला हवेत. त्यासाठी सुरक्षा विभागाची मंजुरी. सुरक्षा विभागाने विचारलं, कोणते रकाने झाकायचे त्याची यादी द्या. ती यादी डेटाबेसकडून येणार असं अ‍ॅनालिस्टला वाटत होतं. अ‍ॅनालिस्टकडून येणार असं डेटाबेसच्या सहकाऱ्याला वाटत होतं. असे 11 आठवडे गेले. या संपूर्ण काळात साप्ताहिक स्टेटस रिपोर्टमध्ये हा मुद्दा हिरवा (म्हणजे काळजीचं काही नाही) होता, कारण "विनंती केली आहे". इकडे कॉपी नाही म्हणून जुन्या तारखा कोणाला दिसत नव्हत्या, आणि तिकडे जिला दिसल्या तिचा बग टेस्ट डेटाच्या नावावर बंद होत होता.

4 जून 1996 रोजी युरोपचं एरियन 5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे 40 सेकंदांत नष्ट झालं. त्याच्या चौकशीचा अहवाल दुसऱ्याच महिन्यात आला. आधीच्या एरियन 4 रॉकेटमधून जसाच्या तसा आणलेला सॉफ्टवेअरचा भाग एक 64 बिटांची संख्या 16 बिटांत बसवायला गेला आणि ती मावली नाही. नव्या रॉकेटच्या खऱ्या मार्गाचे आकडे देऊन त्या भागाची तालीम झालेलीच नव्हती. मी हे बैठकीत सांगितलं, कारण खोलीत एक समजूत वावरत होती की अशी चूक फक्त आपल्यासारख्या टीमकडून होते. ज्येष्ठ डेव्हलपर खुर्चीत जरा पुढे सरकला आणि म्हणाला, "त्यांनी अहवाल सगळ्या जगासमोर ठेवला ना?" ठेवला.

दुसऱ्या तासाला प्रकल्प व्यवस्थापक आला. साखळी ऐकून म्हणाला, "हे मला वेळेवर कोणी सांगितलं असतं तर मी सोडवलं असतं."

डेटाबेसचा सहकारी म्हणाला, "सांगितलं होतं. तीनदा."

खोली गप्प झाली. इथे मी मध्ये पडून विषय बदलू शकत होते. त्याऐवजी शीटला जोडलेला त्याचा मेल पडद्यावर लावला. मेलची शेवटची ओळ होती: "शक्य असल्यास मोठी कॉपी मिळाल्यास बरं होईल." सगळ्यांनी ती वाचली. आधीच्या प्रकल्पात त्याने हीच मागणी जोर लावून केली होती आणि त्याला नकारात्मक म्हटलं गेलं होतं, म्हणून या वेळी त्याने शब्द मऊ केले. इतके मऊ, की त्यातली निकड वाचणाऱ्याला दिसेना. प्रकल्प व्यवस्थापकाने ती ओळ दोनदा वाचली. "मी ही वाचली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, मिळाली तर हवी, नाही मिळाली तर चालेल." कोणी कोणाची माफी मागितली नाही. मला वाटतं, गरजही नव्हती. दोघांनाही आपापलं वागणं समोर दिसत होतं.

अ‍ॅक्शन आयटम फक्त 2 घ्यायचे असं मी आधी सांगितलं होतं. त्यावर नाराजी झाली, बोर्डावर पंधरा-सोळा मुद्दे होते. बाकीचे यादीत ठेवले, दोनच उचलले, आणि कर्त्यासह लिहिले. एक: अ‍ॅनालिस्ट झाकायच्या रकान्यांची यादी करेल, आणि ते काम पुढच्या प्रकल्पाच्या पहिल्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये (कामांच्या यादीत) दिवसांच्या अंदाजासह जाईल. दोन: प्रकल्प व्यवस्थापक स्टेटस रिपोर्टमध्ये "विनंती केली" याला हिरवा रंग देणार नाही, वस्तू हातात आली की हिरवा.

काय झालं

पुढच्या प्रकल्पात पाचव्या आठवड्यात पूर्ण आकाराची झाकलेली कॉपी मिळाली. पहिली तालीम 9 तास चालली, म्हणजे सपशेल नापास. पण ती नापास झाली ती तालमीत. तिसऱ्या तालमीपर्यंत वेळ मुदतीत आली आणि गो-लाइव्ह एका रात्रीत आटोपलं.

दुसरा आयटम दोन महिने टिकला. प्रकल्प व्यवस्थापक बदलला, नव्याला तो नियम कोणी सांगितला नाही, आणि "विनंती केली" पुन्हा हिरवं झालं. ऑपरेशन्सच्या सहकाऱ्याच्या ते लक्षात आलं म्हणून सुधारलं. नियम माणसाला बांधला होता, रिपोर्टच्या साच्यात घातला नव्हता.

त्या प्रकल्पात नोंदवलेल्या अडचणींची संख्या आधीपेक्षा वाढली. विभागप्रमुखांनी काळजीने विचारलं, आढाव्याने टीम बिघडली का? मी त्यांना एमी एडमंडसन यांचं रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवरचं 1996 चं संशोधन सांगितलं. जिथे वातावरण मोकळं आणि नेतृत्व चांगलं, त्या विभागांत उघडकीला आलेल्या चुका जास्त निघाल्या, कारण तिथली माणसं त्या सांगत होती. विभागप्रमुख पूर्ण निर्धास्त झाले असं म्हणणार नाही, पण आकडा खाली आणा असंही म्हणाले नाहीत.

टेस्टर बैठकीला आली होती आणि सर्वांसमोर एक शब्द बोलली नाही. जाताना माझ्या हातात घडी केलेला कागद दिला. त्यात कंत्राटी सहकारिणीचा तो बग दुसऱ्यांदा कोणी आणि का बंद केला, ते होतं. या टेस्टरनेच केला होता. रिलीजच्या आधी उघड्या बगांची संख्या कमी दिसायला हवी, असा वरून दबाव होता. तो कागद तिच्या परवानगीने, तिच्याच शब्दांत शीटमध्ये गेला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठी चूक तारखेची. अप्रेझलची फेरी सहा आठवड्यांवर होती. लेखी हमी मिळाली म्हणून मी पुढे गेले. पण ज्या बाईला एकदा तिचंच वाक्य वाचून दाखवलं गेलं, तिच्यासाठी त्या हमीपेक्षा कॅलेंडर जास्त खरं होतं. बैठक दोन महिने पुढे ढकलली असती तर आठवणी फिक्या झाल्या असत्या, हे खरं. त्यावर उपाय होता: गो-लाइव्हच्या दुसऱ्या सकाळी प्रत्येकाकडून दहा ओळी लिहून घ्यायच्या आणि बैठक अप्रेझलनंतर ठेवायची. आठवणी गोळा करणं आणि त्यावर बोलणं ही दोन कामं आहेत, त्यांची एकच तारीख असायला हवी असं नाही. मी ती एकत्र बांधली होती.

प्रकल्प व्यवस्थापकाला पहिल्या तासाला बाहेर ठेवणं मी पुन्हाही करेन, पण आदल्या संध्याकाळी सांगून नाही. त्याच्यावरही वरून दबाव होता आणि तो मांडायला त्याला जागाच मिळाली नाही. शीटमध्ये त्याचा रकाना सर्वात रिकामा राहिला. आधी त्याच्या एकट्यासोबत बसायला हवं होतं.

सुरक्षा विभागाला मी बोलावलंच नाही. साखळीचा तिसरा भाग त्यांचा, आणि त्यांची बाजू आजही आमच्याकडे फक्त टिकेटमधल्या दोन ओळींपुरती आहे. कंत्राटी माणसांबद्दल निदान शिकलो असं म्हणणार होते, पण पुढच्या प्रकल्पाच्या आढाव्यातही त्यांची नावं यादीत नव्हती. यादी मनुष्यबळाच्या प्रणालीतून आपोआप निघते आणि त्या प्रणालीत ती माणसं नसतातच. आता समाप्ती आढाव्याची यादी टिकेटं नोंदवणाऱ्यांच्या नावांवरून काढतो.

उरलेल्या मुद्द्यांची यादी, जुनी आणि नवी मिळून, सध्या माझ्याकडे आहे. दर महिन्याला मी त्यातला एखादा पूर्ण झाला का पाहते आणि झाला तर एक ओळीचा मेल पाठवते. पुढच्या तिमाहीत मी दुसऱ्या विभागात जातेय. ऑपरेशन्सचा सहकारी यादी घ्यायला तयार आहे, पण त्याच्या कामाच्या तासांत ती बसवायला मंजुरी लागते. मंजुरीचा अर्ज मी गेल्या आठवड्यात दिला. त्यात तारीख घातली आहे, आणि "शक्य असल्यास" लिहिलेलं नाही.